सुऱ्याचा अर्धा इंच

२९ सप्टें., रविवार

आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झालं अन् आमच्या ओट्यावर पाळी आली. रस्ता रुंद होणार म्हणे, भिंतीवर लाल खूण मारून गेले. पुढच्या खोलीतलं सामान आत ओढता ओढता कंबर गेली कामातून.

बाबांची ट्रंक उघडली. तळाशी लाल कापडात तो सुरा. चौदा वर्षांनी पाहिला. शिकारीचा सुरा, आजोबांना एका जमीनदारानं दिलेला. म्हणजे दिलेला तो हा नाही. खरा माझ्या धाकट्या भावानं, बंडूनं विकला अन् त्याच्या जागी हा खोटा आणून ठेवला, असं बाबा मरेपर्यंत म्हणत होते. खऱ्याले सांबरशिंगाची मूठ होती, ह्याले तपकिरी काहीतरी लावलेलं.

सुऱ्याखाली माझा नकाशा! एकविसाव्या वर्षी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो तेव्हा हौसेनं काढला होता. सुरा पूर्ण मापात, मुठीजवळचा हरणाच्या मुंडक्याचा शिक्कासुद्धा.

कुंदा म्हणते, "खोटा आहे तं ठेवता काहून? भंगारवाल्याले देऊन टाका." बायको बरोबरच बोलते. तरी ठेवला.

३० सप्टें.

ऑफिसात एका कालव्याची रेघ तीनदा खोडली. साहेब म्हणे, तबियत तो ठीक है?

चौदा वर्षांमागची ती खंडेनवमी डोक्यातून जाऊन नाही राहिली. पाटावर सुरा, बाबा संतापानं लाल, धाकटा बंडू खाली मान घालून. बाबा मले म्हणाले, "तू मोज. तुझं तं कामच आहे." मी पट्टी काढली. पातं साडेसात इंच पाहिजे, भरलं सात. पूर्ण लांबी बारा पाहिजे, भरली साडेअकरा. शिक्का नाहीच. म्हणालो, "हा तो नाही."

तीन शब्द. बंडू त्याच दिवशी बायकोले घेऊन बीरगांवले गेला. तिथंच उरल्याले लोखंडी सळयांची रोलिंग मिल, त्यात तो आधीपासून कामाले होताच. बाबा गेले तेव्हा घाटावर आला, लांब उभा राहिला, आंघोळ करून परत. आम्ही बोललो नाही. मी बोललो नाही.

१ ऑक्टो.

पुन्हा मोजला. सातच. पट्टी तीच, स्टीलची.

मग सहज सुरा नकाशावर ठेवला. टोकाले टोक लावलं. पोटाचा बाक तंतोतंत बसला. पाठीवरची ती बारीक खाच, नकाशात काढलेली, तीही त्याच जागी. खाचेची कोणी नक्कल करते काय?

तेव्हा नकाशा असा खाली ठेवून पाहिलाच नव्हता. आकडे पाठ होते ना मले! आकड्याचा मोठा गर्व.

जेवण गेलं नाही. कुं.ले सांगितलं नाही.

३ ऑक्टो.

शुभानं कॉलेजातून भिंग आणलं. आमच्या पोरीशी मराठीत बोला, ती हिंदीतच उत्तर देते. "पप्पा, ये सींग नहीं है. कपड़ा है. परत पे परत."

पाहिलं. खरंच, मुठीच्या कडेले कापडाचे थर दिसते, मधे डिंकासारखं काही जमलेलं. कापडाची मूठ! लाकूड ऐकलं, शिंग ऐकलं.

पोरगी म्हणे, "खोलके देख लो ना." देख लो म्हणे. तिले काय माहीत, आत काय निघेल याची भीती कोणाले आहे ते.

५ ऑक्टो., शनि.

सुटी टाकून सुरा घेऊन उरल्याले गेलो. रस्त्याच्या कडेले बिसाहू लोहाराचं दुकान, मिलवाल्यांच्या छिन्न्या-हातोडे करून देतो. ट्रकांची धूळ इतकी की रुमाल काळा झाला.

मूठ पाहताच हसला. "ये तो फाइबर बेरिंग है भैया. रोलिंग मिल में रोल इसी पे घूमता है. घिस गया तो फेंक देते हैं."

मिलमधला फायबर. म्हणजे मूठ बंडूनंच केली, इथंच. मी म्हटलं, खोल. त्यानं दोन खिळे ठोकून काढले, मुठीचे दोन्ही तुकडे सुटले.

खाली हरणाचं मुंडकं. माझ्या नकाशातलं, शिंगाचं एक टोक मोडलेलं तेही तसंच.

खालीच बसलो, त्याच्या ऐरणीपाशी. सुरा तोच आहे. तोच आहे बाप्पा!

बिसाहूनं बोटानं दाखवलं. मुठीतलं पोलाद मागून गंजून भुगा झालेलं, तेवढं कापून टाकलेलं. मग नवी मूठ पुढं सरकवली, नाही तं तिले धरायले पोलाद पुरत नव्हतं. तोच माझा अर्धा इंच. मागून कापला म्हणून लांबी कमी, पुढून झाकला म्हणून पातं कमी अन् शिक्का गायब. जुन्या भोकात शिंगाचा भुसा अजून अडकलेला. बिसाहू म्हणाला, "सींग को कीड़ा खा गया था. गीला रखते थे क्या?"

"हव," म्हटलं. दुसरं काय म्हणणार. दरवर्षी खंडेनवमीले दूध-पाण्यानं अंघोळ, हळद-कुंकू, अन् तसाच ओला लाल कापडात गुंडाळून वर्षभर बंद. पुसायचा नाही. पूजा पुसत नसतात, बाबांचा नियम. आम्हीच पूजा कर-करून खाल्ला तो.

६ ऑक्टो.

सर्वपित्री. बाबांना वाढलेल्या पानाले बराच वेळ कावळा शिवला नाही. कुं. म्हणते, काही राहिलं असेल मनात त्यांच्या. मग सांगितलं तिले सगळं. ती घास हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाले फाशी," म्हणाली. मग, "चोर तरी कुठं होता हो इथं? चोरच नव्हता."

९ ऑक्टो.

ऑफिसातून परस्पर बीरगांव. बंडूच्या गल्लीपर्यंत गेलो. दारात त्याची बायको लता तांदूळ निवडत होती, केस पांढरे झाले तिचे. पानठेल्यामागून पाहिलं अन् परत आलो. सत्तावन्न वर्षांचा घोडा पानठेल्यामागं लपते! लाज वाटली पाहिजे, वाटलीही.

कुं.ले सांगितलं, ऑडिट होतं. तिनं ओळखलं.

११ ऑक्टो.

घरात नुसता इकडून तिकडे फिरून राहिलो. कुं. म्हणे, "बसा एका जागी, नाही तं जाऊन या." सुरा तीनदा काढला, तीनदा ठेवला. कोरड्या फडक्यानं पुसून.

बंडूले एकच विचारायचं आहे. तू तेव्हा सांगितलं काहून नाही? पण हेही काय त्यालेच विचारायचं?

१३ ऑक्टो., रवि.

गेलो. लतानं पाणी दिलं, "बसा भाऊजी" म्हणाली, जशी परवाच भेटलो होतो. बंडू आंघोळ करून आला. हात भाजल्याच्या डागांनी भरलेले. पिशवीतून सुरा काढला, दोन तुकडे मूठ, खिळे. तो पाहत राहिला.

"खोललास?"

"खोलला. तोच आहे."

"मले माहीत आहे ना तोच आहे, दादा."

मग तुटक तुटक बोलला. नवमीच्या पंधरा दिवस आधी घासायले काढला, तं मूठ हातात भुसा होऊन आली. बाबांना कीड लागली सांगितलं असतं तं जीव गेला असता त्यांचा. देवाच्या पाटावरच्या वस्तूले कीड! म्हणून मिलमधला तुकडा आणून आठ दिवस जेवणाच्या सुटीत घासला. वाटलं, बाबा म्हणतील, छान केली.

विचारलंच शेवटी. बोलला काहून नाहीस?

"बोलणारच होतो. तोंड उघडलं होतं. पण तू पट्टी काढली. बाबांचा राग मले सवयीचा. तुझी पट्टी कधी चुकत नाही, हे सगळ्या पाऱ्याले, गल्लीले माहीत. मग मी काय बोलू?"

उचलली जीभ अन् लावली टाळूले, ते तरी परवडलं. मी तं मोजून बोललो. त्याचे हात धरले. रडलो, लिहून ठेवतो. तो नाही रडला. हात सोडवलाही नाही.

उद्या नवमी. ये म्हटलं, मूठ तूच बसव. म्हणाला, "शिफ्ट पाहतो."

१४ ऑक्टो., खंडेनवमी

पाट मांडला. विळी, शुभाचा कंपास, माझे पेन. मधोमध सुरा, उघडा, मुठीविना, शिक्का वर. बाजूले फायबरचे दोन तुकडे अन् खिळे. दूध-पाणी नाही. नुसतं कुंकवाचं बोट लावलं, तेही शिक्क्यापासून दूर.

नकाशावर ऑफिसात करतो तशी दुरुस्तीची नोंद केली: लांबी बरोबर, मोजणारा चुकला. खाली सही, आजची तारीख.

कुं. पाटाकडे पाहून म्हणाली, "तुमची पट्टी कुठं आहे? दरवर्षी ठेवता ना."

"यंदा तिची पूजा नाही."

तिनं नारळ न फोडता तसाच ठेवला.

साडेअकरा झाले. बंडूची दुपारची शिफ्ट असली तं दोनले लागते. बीरगांवहून इथं यायले अर्धा तास. शुभानं विचारलं, "पप्पा, आरती कर लें?"

थांब म्हटलं. ओट्याच्या पायरीवर बसून लिहून राहिलो, फाटक उघडं आहे.