शेवंतीचे शेंडे

१४ जुलै
आईनं दिलेली शेवंती कुंड्यांत वीतभर झाली. आईला फुलंब्रीला फोन. "शेंडे खुडल्याबगर फुटवा यायचा नाय," म्हणाली. ह्यांचं उलटंच. "वाढायलंय लेकरू, कापती कशाला?" कंपनीत दिवसभर लोखंड कापतील, घरी पान तोडवत नाही.

२० जुलै
आमच्या लेकीला, अस्मिताला, तिच्या लग्नाच्या हारात हीच फुलं हवीत. आजीच्या रोपाची, पांढरीशुभ्र. लग्न डिसेंबरात. हे दुसऱ्या पाळीला वाळूजला गेल्यावर शेंडे खुडले. ह्यांना सांगितलं नाही. शेंडे शेजारच्या मावशींच्या शेळीला.

११ ऑगस्ट
फुटवेच फुटवे! हे उकिडवे बसून बघत होते. "बघ, कात्री न लावता कसं डवरलं." पदर तोंडाला लावून आत पळाले.

२८ सप्टेंबर
शाळेतल्या कामावरून घरी आले तर सगळे शेंडे गायब. शेळीच, दुसरं कोण! मावशींशी भांडायला निघाले, तर हे दारात आडवे.
"शेळीनं नाय. म्या खुडले. तुह्या मनासारखं व्हावं म्हणून."
"अहो, मी जुलैतच खुडले होते."
ऐन कळ्या धरायच्या वेळी... रडूच आलं. ह्यांची बोटं हिरवी झालेली. आता काय बोलणार माणसाला? लई जीव आहे माझा ह्यांच्यावर.

२९ सप्टें.
आई फोनवर पोट धरून हसली. "संसार करता का लपाछपी खेळता? येतील फुलं, पर उशिरा. आता हात लावू नका."

१९ नोव्हेंबर
कळ्या! ज्वारीच्या दाण्याएवढ्या. बाजारात मात्र शेवंतीचे ढीग. हे म्हणाले, विकत आणू. अस्मिता म्हणाली, "नको पप्पा, घरचीच पाहिजेत." ह्यांचा चेहरा एवढासा.

८ डिसेंबर
रविवारी लग्न. कळ्या अजून घट्ट. आई म्हणते, बारक्या कळ्या काढा, एका फांदीला एकच ठेवा, ती तरी फुलंल. काढाव्या? आणि उरलेली नाहीच उमलली तर? रात्री जेवताना ठरलं, सकाळी दोघं मिळून बघू. एकट्यानं हात लावायचा नाही.

९ डिसें.
उजाडायच्या आत जाग आली. शेजारी हे नाहीत. अनवाणीच अंगणात धावले. सगळ्या कळ्या जागेवर. हे कुंड्यांपाशी उभे होते, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून.