सुतकात लावलेली सीडी

शिंदखेडा

चि. प्रेमराज,

तुझी आई जाऊन आज नववा दिवस. सुतकात गाणं लावत नाहीत. तरी सकाळी तुझ्या खोलीतली ती काळ्या कव्हरची सीडी लावली. इंग्लंडचा जुना पोस्ट-पंक बँड, असं तू सांगायचास. गाणारा कोरड्या विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा वाटतो. शब्द एक कळला नाही, पण बंद करवेना.

अक्का दारातून म्हणाली, "भाऊ, घरमा सुतक शे ना?" मग तीही उंबऱ्याशी बसून ऐकत राहिली. आम्ही सुतक मोडलं की पाळलं, कोण जाणे.

तू ही सीडी लावलीस की 'घरात कुणी मेलंय का?' असं ओरडून मीच ती बंद करायचो. शेवटी तुलाच बाहेर काढलं.

आता कळवू कुठे? तुझा पत्ता फक्त तुझ्या आईकडे होता.

तुझा,
नाना