कोठीतला कांदा आणि दाजींचे खिळे

खाणवाडी, महाळुंगे पडवळशेजारी
वैशाख संपता संपता

आदरणीय कुंडलिकदाजींना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे सावळेरामचा, वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, तुमची म्हैस आणि आमची बायडाआक्का यांची प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. (क्रम तुमच्या काळजीप्रमाणे लावला आहे, आक्काला वाचून दाखवताना बदलून घ्यावा.) इकडे सगळे मजेत. फक्त कांद्याचं काही खरं नाही, पण ते पुढे येईलच.

आमची दगडखाण बंद पडून जमाना झाला, तरी सुरुंगाची दारू ठेवायची दगडी कोठी अजून ठणठणीत उभी आहे. दारू कोरडी राहावी म्हणून बांधणाऱ्याने भिंतींना खाली-वर झरोके ठेवले, आणि कांद्यालाही नेमकं तेच लागतं. म्हणून तर तुम्ही नि मी मिळून आत फळ्यांचा माच ठोकला, आणि तेव्हापासून आमचा कांदा तिथे दिवाळीपर्यंत टणक राहतो. पण यंदा गावाने पर्यटन आणायचं मनावर घेतलं. जुन्नरचे किल्ले-लेणी पाहून लोक परस्पर निघून जातात, ते वाट वाकडी करून आमची खाण बघायला आणि मासवडी खायला का येऊ नयेत, असा सरपंच लंकाबाईंचा सवाल. (मासवडी त्याच करणार आहेत.)

जुन्या वास्तूंचे एक जाणकार पुण्याहून पाहणीला येणार म्हणून मी कांदा अंगणात आणून ओतला. आमच्या सौ. उज्ज्वलाने कोठीची दगडी फरशी शेणाने सारवून काढली. पाहुणे येणार आणि जमीन सारवायची नाही, हे तिला पटेना. साहेबांनी आत पाऊल टाकताच नाक मुरडलं आणि वास कसला, म्हणून विचारलं. "जुन्या काळचा हाय, साहेब," लंकाबाई म्हणाल्या.

मग साहेब आपल्या माचापुढे जे बसले, ते उठेचनात. एकही खिळा सरळ नाही, प्रत्येक डावीकडे वाकवून फळीत दाबलेला, म्हणजे ही त्या काळच्या कारागिरांची खास पद्धत असणार, असं त्यांनी आम्हाला समजावलं. दाजी, मला तुमची फार आठवण झाली. एकेका खिळ्यागणिक तुम्ही हातोड्याला, फळीला आणि शेवटी माझ्या बहिणीला घातलेल्या शिव्या अजून कानात आहेत. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोच लंकाबाईंनी माझी बाही ओढली. "गप ऱ्हा की राव! गावाचं भलं व्हतंय, आन तुला कांद्याचं पडलंय!"

"आवो, पन कांदा आमचा हाय!" उज्ज्वला मागून म्हणाली, पण ऐकतो कोण. आता कोठीत पाटी लागली आहे: माचाला हात लावू नये. आणि कांदा अंगणात ताडपत्रीखाली पडून आहे. रोज दुपारी आभाळ भरून येतं आणि मी ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवत फिरतो. वर्षाची मेहनत आहे, भिजली तर सडेल.

पर्यटक मात्र येऊ लागले. तुमच्या खिळ्यांसमोर माणसं दबक्या आवाजात बोलतात. परवा एका बाईंनी हात जोडले. खोटं कशाला सांगू, ऊर भरून आला. आमच्या घरच्या जावयाला एवढा मान लग्नातही मिळाला नव्हता.

आपला,
सावळेराम

ता. क. माचाची एक फळी निखळली आहे. दुरुस्ती मूळ पद्धतीनेच झाली पाहिजे, असं लंकाबाईंचं म्हणणं. गावच्या सुताराने प्रयत्न केला, पण बिचाऱ्याचा खिळा सरळच जातो. तेव्हा तुम्हीच हातोडा घेऊन यावे. सराव करून येऊ नये.

ता. क. कोंबड्या बंद केल्यापासून तुमची कळंबची जाळीची शेड रिकामी आहे, असं कळलं. यंदापुरता कांदा तिथे ठेवता येईल का, एवढंच खरं तर विचारायचं होतं. सावकाश विचार करून कळवा. अजिबात घाई नाही.

ता. क. हे पत्र टपालात न टाकता ट्रॅक्टरवाल्या भागूच्या हाती देत आहे. तुमच्या दाराबाहेर हॉर्न वाजतोय तो त्याचाच, ट्रॉली भरलेली आहे. शेडच्या किल्लीसाठी मात्र उठू नये, उगाच गुडघे दुखतील. आक्काने ती कालच आमच्याकडे पाठवली आहे.