अडलं नाही ते काम

मंगळवार, रात्री

चि. नातूसाहेबांस,

आजीचा आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ शाबूत आहे. एरवी पत्र शेजारीण लिहून देते, आज तुझी आत्या लिहिते आहे. या वेळी ती घरी कशी, ते पुढे येईल.

तुला बढती मिळाली म्हणे. कुठल्या सरकारी दवाखान्यात पुढच्या वर्षी किती माणसं लागतील, ते तू आधीच सांगतोस. वा. आमच्याकडे पावसाचं असं सांगणारा एक होता. तो निदान आभाळाकडे तरी बघायचा.

आत्याच्या प्रसूती वॉर्डात रात्रपाळीला दोघी नर्स असायच्या. दुसरी निवृत्त झाली, तेव्हापासून ही एकटी दोघींचं ओढते आहे. आणि तू ठरवलंस, वर्षभर काम अडलं नाही, म्हणजे दुसरीची गरज नाही, जागा रद्द. अरे, तुझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तुला आत्यानं न्हाऊ-माखू घातलं. मग काय, तुला आईची गरज नव्हती म्हणायचं?

“आई, हे नको लिहायला,” आत्या म्हणते आहे. गाळलंस तर शेजारणीकडून वाचून घेईन, म्हटलं. लिही.

तिनं तुला फोन केला होता. तू म्हणालास, “आत्या, आकड्यांत नाती आणता येत नाहीत.” ती हसली. पोराचं बरोबर आहे म्हणाली. मला नाही हसू आलं.

परवा रात्री दोघींना एकदमच कळा आल्या. एकीकडून दुसरीकडे धावताना ही ओल्या फरशीवर आपटली, पाय मोडला. तशीच सरपटत गेली आणि दुसरीचं मूल हातात घेतलं. दोन्ही बाळं सुखरूप आहेत. म्हणजे तुझ्या हिशेबानं याही वेळी काम अडलं नाहीच.

आता तिच्या जागी दुसऱ्या वॉर्डातल्या दोघी पाठवतात. एकीच्या जागी दोघी, साहेब. तरी आज मोठ्या डॉक्टरीणबाईंचा निरोप: प्लास्टरसकट या, खुर्चीत बसून बघा. ही निघाली होती. मी काठी दडवली.

जागा रद्द करायचा तुझा कागद अजून वरच्या साहेबांकडे गेलेला नाही, असं तुझी आई सांगत होती. तो सुधार. तोवर ही कामावर जाणार नाही. अडू दे काम; तुम्हाला तेवढंच दिसतं.

इथं ती लिहायची थांबली. “आणि तिथं बाळंत होणाऱ्या बायकांचं काय?” म्हणाली. मी काठी आणखी आत सरकवली. मग तिनं लिहिलं.

मला उलट पत्र नको, वाचता येत नाही. उत्तर तिच्या वॉर्डात पाठव, रात्रपाळीला, दोन पायांवर चालत येणारं.

तुझ्यावर रागावलेली, आणि तरी तुझीच,
आजी