मधल्या नावाची जागा

६ फेब्रुवारी

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण कारण ऐकलंस की राग पळेल. परवा डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र फिरवत होत्या, त्यांनी मध्येच हात थांबवला. मग त्या हसून म्हणाल्या की एक नाही, दोन आहेत. इथे विचारलं तर सांगतात, म्हणून पुढचंही विचारलं. दोन्ही मुलगे. हे माझ्या शेजारी उभे होते, ते बसायला खुर्ची शोधू लागले.

आता खरं काम सुरू झालंय. ह्यांचं म्हणणं, पहिलं नाव आणि मधलं नाव (इकडे मधलं बापाचं नसतं, वेगळं ठेवतात), दोन्ही पवित्र शास्त्रातलीच हवीत. म्हणजे एकदम चार नावं आली. ह्यांना शलमोन पाहिजे. मी म्हटलं, दिवसभर चष्म्याच्या काचा घासणाऱ्याच्या घरात राजाचं नाव शोभेल, पण राजाचे लंगोट धुणार कोण? ते दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलले. आत्याचा निरोप आला की मलकीसदेक ठेवा. हे नाव खिडकीतून हाक मारून संपेपर्यंत पोरगा शाळेतून परत येईल.

माझी एकच अट आहे. तोंडात साबणाचा फेस असतानाही हाक मारता आली पाहिजे. तू दिवसभर दगडांवर नावंच कोरतोस, तेव्हा तूच सुचव. गेलेल्यांची असली म्हणून काय झालं, नावं ती नावंच.

पाय सुजलेत, त्यामुळे मशीनवर बसून पँट आखूड करायचं काम कमी केलंय. वहिनीला सलाम सांग. लोभ आहेच, पण दोन जण वाढणार आहेत तेव्हा तोही दुप्पट कर.

तुझी,
चिमणी

*

२० फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी कारखान्यात उभ्या उभ्या वाचलं. हात धुळीचे होते, म्हणून कागदावर माझी बोटं उठलीत. ते घरी नेलं तर तुझ्या वहिनीने माझ्या हातून ओढून घेतलं आणि आधी पूर्ण हसून घेतलं, मग डोळे पुसले. आम्हाला देवाने दिलं नाही, पण तुझ्याकडे दोन पाठवतोय म्हणजे हिशोब चुकला असेल, असं ती म्हणाली. ते ती हसतच म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्याकडे रोज जेवणानंतर ती शास्त्र उघडून नावं वाचते आणि मी हो किंवा नाही म्हणतो. नबुखद्नेस्सरला मी नाही म्हटलं, कारण तो मावेल एवढा दगड मिळत नाही. शमुवेल, नथनेल, आसाफ, सीलास ही सगळी चांगली आहेत. पण मला विचारशील तर योएल आणि मीखा. दोघेही संदेष्टे, दोघेही थोडक्यात बोलणारे, दोघांचंही नाव तोंडात फेस असताना निघतं. मी स्वतः तोंड धुताना म्हणून पाहिलं. मीखातला ख तेवढा जपून लिहायला शिकव. दांड्या नीट जोडल्या नाहीत तर लोक र आणि व वाचतात, आणि अशा चुका मी पुष्कळ पाहिल्यात.

मधल्या नावांची घाई करू नका. तोंडं बघा, मग ठरवा. मेहुण्यांना सांग की शलमोन मधल्या जागेत खपून जाईल, तिथे कोणी हाक मारत नाही.

पाय उंच ठेवून झोप. माया कळवावी लागत नाही, तरी कळवतो.

तुझा,
दादा

*

१४ मार्च

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

नावं पक्की झाली. हे सुद्धा एका झटक्यात हो म्हणाले, मी थक्क झाले. नंतर कळलं की दुकानातल्या दोघा गिऱ्हाइकांना विचारून आलेले.

डावीकडचा योएल. तो सारखा लाथा मारतो, मशीन थांबलं की जास्तच. उजवीकडचा मीखा. तो शांत आहे. मी कपड्यांना धावदोरा घालत बसले की कधीतरी हळूच कूस बदलतो, जणू मला त्रास होईल म्हणून विचारून. मी दोघांना नावाने हाक मारते. काल घरमालकीणबाईंनी ऐकलं आणि विचारलं की कोणाशी बोलतेस. मी सांगितलं की एकाला रागावतेय आणि दुसऱ्याचं कौतुक करतेय. त्या म्हणाल्या की आतापासून भेद केलास तर पुढे भोगशील. तेव्हापासून मीखालाही थोडं रागावते, उगाच.

मधली नावं अजून अडलीत. हे शलमोन सोडत नाहीत. मी म्हटलं, दोघांपैकी कोणाच्याही वाट्याला आला तरी दुसरा जन्मभर विचारेल की मी का नाही राजा. तू म्हणतोस तसं तोंडं बघून ठरवू.

डॉक्टरीणबाई म्हणतात की उजवीकडचा जरा लहान आहे, पण काळजी नको. मी काळजी करत नाही, फक्त त्या कुशीवर झोपत नाही.

लोभ कर, आणि पुढच्या पत्रात वहिनीलाही दोन ओळी लिहू दे. तू तिचं सगळं तुझ्याच नावावर सांगतोस.

तुझी,
चिमणी

*

९ एप्रिल

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

मला पत्रं लिहिता येत नाहीत, ती बाजू नेहमी हिचीच. तरी लिहितोय.

मुलं वेळेआधी आली. डावीकडचा आधी आला आणि रडला. दुसरा रडला नाही. त्याला लगेच दुसऱ्या खोलीत नेलं. दुपारपर्यंत तो होता. हिला खूप ताप होता, शुद्ध नीट नव्हती. नर्सने मला विचारलं की आईला दाखवायचं का. मी नको म्हटलं. मला वाटलं की अशा तापात ती हे बघू शकणार नाही.

दफनाच्या वेळी मी आणि मालकीणबाईंचे यजमान, एवढेच होतो.

पहिला बरा आहे, काचेच्या पेटीत आहे, दूध घेतो. ही शुद्धीवर आहे पण बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते. इस्पितळातल्या नोंदणीच्या खिडकीवरून रोज विचारतात की मुलाचं पूर्ण नाव लिहून द्या, पहिलं आणि मधलं. मधलं ठरलेलं नाही. हिला विचारायचं धाडस मला होत नाही. तुम्ही नावं दिलीत, तेव्हा तुम्हीच सांगा काय लिहू.

लोभ असावा. तुमचा आधार वाटतो.

आपला,
मेहुणा

*

१३ एप्रिल

प्रिय मेहुणे यांस,
स. न. वि. वि.

पत्र दोघांनी वाचलं. तुमच्या वहिनीने चूल पेटवलीच नाही. तुम्ही घरचं कोणी नसताना तिथे उभं राहून माती टाकलीत, त्या वेळी मी तुमच्या शेजारी असायला हवं होतं. इथे दगड निसटून डावं मनगट मोडलंय, डॉक्टरांची प्रवासाला अजून मनाई आहे, नाहीतर याच क्षणी निघालो असतो.

नावाचं विचारलंत. माझ्या मनात एकच येतं. मधली जागा रिकामी आहे, तिथे मीखा लिहा. योएल मीखा. म्हणजे ते नाव घराबाहेर जाणार नाही. माझ्या कामात मी रोज बघतो, नाव एकदा दगडावर गेलं की घरात कोणी उच्चारत नाही, सगळे ते टाळून बोलतात. आपल्या घरात तसं नको. एका पोराच्या नावात दोघेही राहतील.

चिमणीला आत्ता त्रास देऊ नका. बरी झाली की तिला हे पटेल. मी तिला ती रांगत होती तेव्हापासून ओळखतो.

स्वतः काहीतरी खात जा. माझा लोभ तुमच्यावर चिमणीइतकाच आहे, हे कधी बोलून दाखवलं नाही म्हणून आज लिहितो.

आपला,
दादा

*

२ जून

ती. दादास,
सलाम.

तू पाठवलेली तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं नव्हतं. आज देतेय, कारण मनात ठेवून दूध पाजलं तर ते बाळात उतरेल असं वाटतं.

बाळाचा दाखला ह्यांनी माझ्या हातात दिला तेव्हा मी घरी येऊन फार दिवस झाले नव्हते. मी वाचलं आणि विचारलं की मीखा इथे काय करतोय. हे म्हणाले की दादांनी सुचवलं. मग म्हणाले की तुला बरं वाटेल असं दादा म्हणाले.

दादा, त्याच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. मी शिवलेलं झबलं त्याच्या अंगाला लागलं नाही. त्याला मी पाहिलं नाही, त्याचा वास मला माहीत नाही, तो कोणासारखा दिसत होता ते मला कोणी सांगत नाही. एक नाव होतं. मी त्याला त्या नावाने हाक मारत होते आणि तो कूस बदलत होता. तेही तुम्ही दोघांनी काढून घेतलंत आणि भावाला चढवलंत, मधल्या जागेत. तिथे कोणी हाक मारत नाही, असं तूच लिहिलं होतंस.

तुझा हेतू वाईट नव्हता, हे मला कळतं. म्हणून जास्त राग येतो. हेतू वाईट असता तर भांडता आलं असतं.

मी पोराला बाळ म्हणते. नावाने अजून हाक मारलेली नाही. ह्यांच्याशी कामापुरतं बोलते. ते दुकानातून उशिरा येतात आणि पाळण्याजवळ उभे राहून परत जातात.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

चिमणी

*

११ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. ते घ्यायचे की नाही हे तू ठरव.

तुझं पत्र वहिनीने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर ती मला म्हणाली की परक्या माणसाचा दगड असला तरी तू घरच्यांना तीन तीनदा विचारतोस, कागदावर लिहून घेतोस, सही घेतोस, आणि इथे आईला एकदाही विचारलं नाहीस.

मला वाटलं होतं की मी तुझ्यासाठी नाव वाचवतोय. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. ते नाव मी दिलं होतं आणि आता ते मलाच कोरावं लागणार होतं. म्हणून ते जिवंत पोरात लपवलं. तुझ्या सोयीचं म्हणून जे लिहिलं, ते माझ्या सोयीचं होतं.

नोंद बदलता येते, मी चौकशी केलीय. आईवडिलांनी दोघांनी समोर जाऊन सही करावी लागते. तू म्हणशील तर मी येतो आणि खिडकीपाशी तुझ्याबरोबर उभा राहतो. मनगट आता ठीक आहे.

दगड आणून ठेवलाय, लहान आहे, करड्या रंगाचा. पुसून ठेवतो, छिन्नी लावलेली नाही. तू काय लिहायचं ते सांगशील तेव्हाच लावीन, आणि काहीच लिहू नको म्हणालीस तर तसाच घेऊन येईन.

माया कर असं म्हणायचा हक्क सध्या नाही. मी करतोच आहे.

दादा

*

५ जुलै

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

काल आम्ही कचेरीत गेलो. तुला बोलावलं नाही, कारण हे काम आमच्या दोघांचं होतं.

खिडकीवरच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या की मधलं नाव खोडायचं, त्या जागी दुसरं लिहायचं, खाली दोघांनी सही करायची. मी पेन घेतलं आणि ह्यांना विचारलं की शलमोन लिहू का. मला वाटलं हे खूश होतील. हे भिंतीशी असलेल्या बाकावर जाऊन बसले. मी मागोमाग गेले. बाळ माझ्या खांद्यावर होतं.

तिथे बसून ह्यांनी सांगितलं. त्या दुपारी नर्सने ह्यांना आत बोलावलं होतं आणि मीखाला ह्यांच्या हातात दिलं होतं. शेवटपर्यंत तो ह्यांच्याच हातात होता. त्याचं कपाळ तुझ्यासारखं होतं, रुंद. केस पुष्कळ होते, ओले. हे त्याला मीखा, मीखा म्हणत राहिले, कारण दुसरं काय बोलायचं ते सुचेना, आणि एकदा त्याने ह्यांचं बोट धरलं. म्हणाले की ही हाक आता आपल्या घरात कोणी मारणार नाही, याचीच मला जास्त भीती वाटली, म्हणून दादांचं पत्र येताच मी धावत जाऊन लिहून टाकलं. मग म्हणाले की तुला दाखवायला हवं होतं, मी नको म्हटलं, ते आता कसं परत आणू.

मी इतके दिवस ह्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही त्याला पाहिलंत का. मला वाटत होतं की तो कोणाच्याच हातात नव्हता. ह्यांना वाटत होतं की मी विचारत नाही म्हणजे मला ऐकायचं नाही. एका घरात राहून दोघांनी दोन भिंती धरल्या होत्या.

मी कागद कोरा परत केला. नाव आहे तसंच राहील. पटलं म्हणून नाही, दादा. ते मला अजून पटलेलं नाही, आणि कदाचित कधीच पटणार नाही. पण ते खोडायचं म्हणजे ह्यांच्या हातातून त्याला पुन्हा काढून घेतल्यासारखं झालं असतं, आणि तेवढी मी कठोर नाही.

दगडावर मीखा योएल असं लिही. पहिलं त्याचं स्वतःचं, मधलं भावाचं. त्यालाही मधलं नाव मिळायचं राहिलं होतं. खाली तारीख एकच, दुसरं काही नको. तू आणि वहिनी दोघंही घेऊन या, आणि चार दिवस राहायच्या बेताने या. तुझं कपाळ मला बघायचंय.

बाळाचं वजन वाढतंय. लस टोचायला दवाखान्यात नेते तेव्हा तिथली बाई पूर्ण नाव पुकारते, योएल मीखा, जणू दोघांना. मी बाळाला घेऊन उठते आणि चालू लागते, आणि दर वेळी दोन पावलांवर थांबून बाकाकडे वळून बघते.

लोभ ठेव. दोघांवर.

तुझी,
चिमणी