साडेआठ सेंटिमीटर

३ फेब्रुवारी. सकाळी.
गाडीची सरकारी तपासणी एप्रिलमध्ये पुन्हा करावी लागणार. दर दोन वर्षांनी तेच. गॅरेजवाला म्हणाला, हायब्रिडची बॅटरी थकली आहे, चौदा वर्षं झाली, बदला. मी म्हणालो, बॅटरी कशाला, गाडीच बदलतो. बोलून गेलो आणि मग ते मला फारच आवडलं. निर्णय असाच घ्यायचा असतो.
फुसाएला सांगितलं. ती काल सणाच्या रिवाजाने राक्षस हाकलताना घरभर उडवलेले सोयाबीन झाडत होती. अहो, आहे ती काय वाईट आहे, म्हणाली. आपल्या जागेत बरोब्बर बसते. एवढ्या लहान जागेत विचार केला की विचारही लहान होतात. हे तिला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवतो.

११ फेब्रुवारी.
शोरूम. नवं मॉडेल म्हणजे चीज आहे. प्रवास संपला की गाडी आपल्या चालवण्याला शंभरपैकी गुण देते. पडद्यावर मागचं सगळं दिसतं. लांबी थोडी जास्त, रुंदी साडेआठ सेंटिमीटर जास्त. साडेआठ म्हणजे किती? टोफूच्या वडीएवढं.
किउची नावाचा सेल्समन म्हणाला, मुराकोशी-सान, एकदा घरी येऊन जागा मोजून जाऊ का? मी नुसता हसलो. नगरपालिकेच्या रस्ते खात्यात सदतीस वर्षं मी दुसरं काय केलं? अर्धं उएदा शहर माझ्या टेपखालून गेलंय. तो म्हणाला, नाही, गाडी जाईल हो, पण... तोवर मी रंगांच्या पानावर पोचलो होतो. पांढरा घेतला.

१२ फेब्रुवारी.
नागोयाहून चिनात्सुचा फोन. आईने चुगली केलेली दिसते. बाबा, तुम्ही गाडी घेताय की म्हातारे झाला नाहीत हे दाखवताय? मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. म्हातारा कोण? वर म्हणते, गल्लीतला आरसा, देवळाचा खांब, सुपरमार्केटची ट्रॉली, हे सगळं आठवतं ना? आठवतं. तिन्ही वेळा दोष जुन्या गाडीचा होता. म्हणूनच तर नवी घेतोय. मुलीला एवढा साधा तर्क समजत नाही. शिकवलं कोणी? मीच.
सूप उतू जातंय सांगून फोन ठेवला. सूप नव्हतं.

२० फेब्रुवारी.
वार्षिक आरोग्य तपासणी. नर्सने पोट मोजलं. अठ्ठ्याण्णव. पुरुषांची मर्यादा पंच्याऐंशी. टेप ढिली धरली होती आणि मी बेसावध होतो. माझ्या खात्यात असं माप घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवलं असतं.
फुसाएने लायसन्स नवं करून आणलं. पुन्हा सोनेरी पट्टी. पाच वर्षांत एकही गुन्हा नाही म्हणे. कसा असेल? एकतीस वर्षं स्टिअरिंगला हात लावलेला नाही. माझी पट्टी निळी, का, तर थांबा-रेषेवर मी थांबलो आणि पोलिसाला ते दिसलं नाही. रस्त्यावर राबणाऱ्याला निळी आणि कपाटात झोपलेल्याला सोनेरी, असा या देशाचा न्याय आहे.
संकल्प: सोमवारपासून भात अर्धा.

४ मार्च.
गाडी ठेवायला जागा आहे असा दाखला पोलिसांकडून आणल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. त्यासाठी जागेचा नकाशा द्यावा लागतो. लोक पेन्सिलीने चौकोन काढतात. मी शाईने काढला, उत्तर दिशेच्या बाणासकट. घराची भिंत ते हिराबायाशीबाईंची भिंत: दोनशे पंधरा. गाडी: एकशे अठ्ठ्याहत्तर. उरले सदतीस. तीन वेळा मोजलं.
फुसाए चहा घेऊन आली, नकाशा पाहिला आणि विचारलं, आणि तुम्ही कुठे आहात यात? नकाशात माणसं काढत नाहीत, म्हणालो. बरं, म्हणाली.
फुसाए कोरसच्या सरावाला गेली. आठवड्यात तिसऱ्यांदा. काहीतरी स्पर्धा असावी.

१३ मार्च.
तपासनीस येऊन गेला. पाच मिनिटांत काम झालं. नकाशा बघून म्हणाला, फारच व्यवस्थित आहे. दाखला मंजूर! चिनात्सुला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.
भात अजून अर्धा केलेला नाही. सण तोंडावर असताना सुरुवात करू नये.

२९ मार्च.
जुनी गाडी गेली. फुसाएने चारही टायरांपाशी चिमूटभर मीठ ठेवलं, थोडी साके ओतली आणि कमरेत वाकून म्हणाली, चौदा वर्षं राबलीस, दमलीस ग. यंत्र आहे ते, मी म्हणालो. किउचीने गाडी वळवली तेव्हा माझे डोळे फार चुरचुरले. देवदाराचे परागकण. यंदा हवेत भयंकर आहेत. फुसाएने रुमाल दिला. तिला मात्र काही झालं नाही, काही लोकांना ॲलर्जी नसते.
या गाडीत चौदा वर्षं तिची एक नेमणूक होती. गेटपाशी उतरायचं, मागे उभं राहायचं आणि हात हलवत ओराय, ओराय, म्हणजे येऊ दे, येऊ दे म्हणायचं. मी आरशात बघूनच घ्यायचो. पण तिला वाटायचं तिच्यामुळेच गाडी आत जाते. मी वाटू दिलं.

५ एप्रिल. संध्याकाळी.
नवी गाडी आली. मुहूर्त फुसाएने कॅलेंडरातून काढला. माझा विश्वास नाही, पण दुसऱ्या कुठल्या दिवशी मला वेळही नव्हता.
चिकुमा नदीपर्यंत फेरी. आवाजच नाही. पोटातलं पाणी हलत नाही. गुण ५८. पहिलाच दिवस, गाडीला अजून माझी सवय नाही.
परत आलो. फुसाए उतरली, ओराय, ओराय. गाडी पहिल्या झटक्यात आत. डावीकडे आठ सेंटिमीटर, उजवीकडे एकोणतीस. नकाशाप्रमाणे. अगदी नकाशाप्रमाणे.
मग दार उघडलं.
पाय बाहेर गेला. खांदा गेला. पुढे मी गेलो नाही. मागेही येईना. श्वास सोडून पाहिला. याच वेळी हिराबायाशीबाई मोहल्ल्याची सूचनांची फिरती पाटी घेऊन आल्या. त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, अय्या, नवी गाडी! अभिनंदन हो, मुराकोशी-सान. आतच राहायचा विचार आहे का? मी म्हणालो, सीट तपासतोय. त्यांनी पाटी खिडकीतून दिली. मी वाचली (रविवारी गटारसफाई), सही केली, परत दिली. एका सभ्य माणसाने जेवढं करायचं तेवढं केलं.
शेवटी पोट आवळून कसाबसा आत सरकलो आणि गाडी बाहेर काढून गेटपाशी उतरलो. म्हणजे बाहेर पडण्याचा मार्ग आहे. तो सापडला, हे महत्त्वाचं.

६ एप्रिल.
किउचीला फोन केला. तो म्हणाला, त्या दिवशी मी हेच सांगत होतो, गाडी जाईल, पण दार... तर मग मोठ्याने सांगायला नको? स्टेशनजवळ भाड्याची जागा बघू का, असं विचारतो. नको! घरची जागा पोलिसांनी मंजूर केली आहे. आता प्रश्न तत्त्वाचा आहे.
हिराबायाशीबाईंना भिंत दहा सेंटिमीटर सरकवण्याचा प्रस्ताव दिला. त्या हसल्या, चहा दिला, आणि म्हणाल्या, विचार करून बघू. म्हणजे नाही.
उपाय एकच. मी कमी होणार. एकोणतीस सेंटिमीटर म्हणजे काही अशक्य नाही. एक जुलैपर्यंत.

८ एप्रिल.
गाडी गल्लीत ठेवली. भाजीवाल्याची व्हॅन अडकली. त्याने तीनदा मान लववून माफी मागितली, म्हणजे तो चिडला होता.
फुसाए ॲप्रन काढत बाहेर आली. द्या, मी आत घेते, म्हणाली. मीठ पुढे करतात तसं म्हणाली. मी म्हणालो, अगं, एकतीस वर्षं झाली! तोवर ती बसलीसुद्धा. सीट पुढे. आरसा खाली. गाडी सरळ आत. दार किलकिलं झालं आणि ती त्यातून अशी निसटली की जणू दारापलीकडेच उभी होती. माझं ओराय म्हणायचंही राहून गेलं.
चौकशीत कळलं की कोरसची स्पर्धा नव्हतीच. ड्रायव्हिंग स्कूलची उजळणी होती, बारा तास. गाडी नवी घ्यायची ठरली त्या आठवड्यापासून. मला का सांगितलं नाही? विचारलं असतंत तर सांगितलं असतं, म्हणाली.
व्यवस्था ठरली. गेटच्या आतलं खातं तिचं, बाहेरचं माझं. साडेसहा मीटर तिचे, उरलेला जपान माझा.

१९ एप्रिल.
व्यवस्थेत लहानशी दुरुस्ती. सकाळी गाडी बाहेर काढायलाही तीच लागते. काढलीच आहे तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेते, म्हणाली. जाऊ दिलं. सराव हवा.
तिचे गुण ८१. यंत्रात काही बिघाड आहे का, किउचीला विचारलं. तो म्हणाला, नाही हो, हळू पाय ठेवला की गुण मिळतात. मी हळूच ठेवतो. लवकर हळू ठेवतो.

१० मे.
सुपरमार्केट. ती चालवत होती, मी डावीकडे. तीनदा सूचना दिली, दोनदा ब्रेक मारला. डावीकडे ब्रेक नसतो, पण पाय थांबतो का? गाडी पिंग करून म्हणाली, सहप्रवाशाने पट्टा लावावा. मी लावला होता. बॅगेला म्हणत होती.
ट्रॉलीला धक्का लागला नाही. तिचे गुण ९२.

२ जून.
दुपारी आतल्या खोलीतून आलो तर गाडी नाही. चिठ्ठी: कोमोरोला ताईकडे जाऊन येते. डब्यात भात आहे, अर्धा.
कोमोरो वीस किलोमीटर. ताईला ती दर वर्षी एकदा भेटते. मी नेतो म्हणून एकदा. बाकी वेळी माझं काहीतरी असतं. एकतीस वर्षांत तिला आणखी जायचं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं तिने.
हे वाक्य खोडणार होतो. शाईने लिहिलंय, राहू दे.
केस कापायला पायी गेलो. सध्या सगळीकडे पायीच जावं लागतं. पोस्ट, दवाखाना, सार्वजनिक न्हाणीघर. हा अन्याय आहे. पण पँट ढिली झाली आहे.

१ जुलै. सकाळी ७.
निर्णायक दिवस. पोट मोजलं. माझ्या टेपने, माझ्या हाताने, श्वास न रोखता. नव्वद. भात न सोडता! गाडीत शिरायला शरीर घटवायचं होतं, ते गाडी नसल्यामुळे घटलं. कसं का होईना, संकल्प पुरा.
फुसाए आत केसांना पिना लावत होती. मी भिंतीला पाठ लावली, दार किलकिलं केलं आणि गेलो! आत! एकही बटण तुटलं नाही. ओरडावंसं वाटलं. चिनात्सुला पाठवायला फोटो काढणार होतो, पण गुडघे स्टिअरिंगला अडकले होते. सीट पार पुढे. आरशात माझ्या छातीचं दुसरं बटण दिसत होतं. सगळं तिच्या मापाचं.
सीट मागे घेणार तेवढ्यात ती समोर आली. आज मंगळवार, हल्ली तिचा कोमोरोचा दिवस. हातात दोन डबे, एक ताईचा. डोक्यावर उन्हाची टोपी, हातांत गाडी चालवायला घेतलेले नवे पांढरे हातमोजे. मला आत बघून ती थांबली. डबे खाली घेतले, हळूच, जसे काही ते आता लागणार नव्हते.
मी सीटच्या बटणावरून बोट काढलं.
काही नाही, म्हणालो, दाराचं माप बघत होतो. कंबर धरली आहे, आज तूच ने.
कंबर धरलेली नव्हती. खोटं बोलताना मला सहसा कळत नाही, आज कळलं.
बाहेर येताना एक बटण गेलं. ती बसली. तिला सीट सरकवावी लागली नाही. मी गेटबाहेर जाऊन उभा राहिलो, दोन्हीकडे पाहिलं आणि हात हलवला. ओराय! ओराय! गाडीला आवाज नाही, तेव्हा माझाच गल्लीभर घुमला. ती पडद्यात बघत होती, माझ्याकडे नाही. नीट बाहेर निघाली, वळायचा दिवा लावून नीट वळली, गेली.
हिराबायाशीबाई झाडू घेऊन दारात होत्या. त्या म्हणाल्या, मुराकोशी-सान, गाडी केव्हाच गेली.
तेव्हा हात खाली घेतला.
माझ्यामुळेच निघाली. तिला वाटत नसेल, तर न वाटू दे.