मनगटावरची खूण

मंगळवार, संध्याकाळ. बडोदे.

सुटले एकदाची. शाळेची चौकशी समिती म्हणाली, दुसऱ्या मुलीला इजा होऊ नये म्हणून बाईंनी रिद्धीला धरलं, त्यात गुन्हा नाही. वकीलही हेच सांगत होते. मग रडू का येतंय?

रिद्धी कर्कटक उगारून मैत्रिणीवर धावली, म्हणून मी तिचं मनगट आवळलं. माझ्या बांगडीची खूण उठली. तिच्या वडिलांनी तक्रार केली. तेव्हापासून बांगड्या कपाटात.

आज गेटपाशी तीच धावत आली. मनगट पुढे करून म्हणाली, "जुओ टीचर, मटी गयुं!" खरंच, खूण पुसली गेली होती. आणि मी? दोन्ही हात पाठीमागे नेले.

अकरा वर्षांची पोर. तिने ते पाहिलं. मग हळूच बाही मनगटावर ओढून घेतली.